आक्का, तुमी सांगा

कोल्हापूर
१४ जानेवारी २०२५

प्रिय शमू,

सलाम.

तू फोन उचलत नाहीस आणि गेल्या आठवड्यापासून माझा नंबर तुला लागतच नाही, म्हणून हे पत्र. संगमनेरचा पत्ता तुझ्या लग्नपत्रिकेवरून घेतलाय. तुझ्या सासऱ्यांनी घर बदललं नसेल तर पोचेल. पत्र फाडून टाकता येतं हे मला कळतं. पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतो, असं धरून लिहिते.

आधी हाताचं सांग. प्लास्टर निघालं का? अंगठा आणि तर्जनी जुळतात का? मला सांगायचं नसेल तर नवऱ्याचा हात कसा आहे ते सुवार्ताला कळवायला सांग. मनगटाच्या हाडाला वेळ लागतो. सांध्याला हालचाल दिली नाही तर तो धरतो, हे तुला मी काय सांगायचं! तरी सांगते.

दवाखाना बंदच आहे. निसार एक दिवसाआड कागलला जाऊन अ‍ॅम्ब्युलन्स सुरू करून बघतो, नाहीतर बॅटरी बसते म्हणतो. फुटलेल्या काचांच्या जागी त्यानं पुठ्ठे लावलेत. पगार नाही, काही नाही, तरी जातो. मी म्हटलं, "निसार, दुसरीकडं गाडी धर." तर म्हणाला, "साहेब आल्यावर गाडी सुरू झाली न्हाय तर शिव्या कुणी खायच्या?"

तू जाताना मला एकच वाक्य बोललास. "आक्का, तू मला मारलंस." दोन महिने मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतेय. म्हणून त्या दिवशी मी काय पाहिलं ते एकदा लिहिते. अर्ध्या वेळेला तू तिथं नव्हतास, आणि उरलेल्या अर्ध्या वेळेला तू जमिनीवर पडला होतास.

तेजस्वी सकाळी बाळंत झाली. मुलगी. तू होतास, सगळं नीट झालं होतं. वार पडली, गर्भपिशवी आवळली. तू हात धुतलेस आणि म्हणालास, "आक्का, बॅचची मंडळी जेवायला जमलीत जोतिबा रोडला. जाऊन येतो." मी हो म्हटलं. त्यात काही वावगं नव्हतं.

दुपारी तिचं लुगडं बदलायला गेले तर खालची चादर भिजलेली. पिशवी सैल पडली होती. मी इंजेक्शनं दिली, सलाईन वाढवलं, पोट दाबून धरलं आणि तुला फोन लावला. तू म्हणालास, "येतोय, वाटेतच आहे." बाहेर निसार गाडी लावून उभा होता. "आक्का, कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात, सीपीआरला न्यायचं का?" मी म्हटलं, "नको, साहेब वाटेत आहेत. हलवण्यात वेळ जाईल, येऊन लगेच ऑपरेशनला आत घेतील." परत फोन लावला. परत तू म्हणालास, वाटेत आहे.

तू मागच्या दारानं आलास तेव्हा तिचे ओठ पांढरे झाले होते. त्यानंतर तू जे केलंस, तसं मी इतक्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरला करताना पाहिलेलं नाही. हेही मी पाहिलं, शमू. पण ती गेली.

पोर्चमध्ये सगळं गाव आलं होतं. तिचा सासरा केरबा पुढं. तू म्हणालास, "मी इथंच होतो पहिल्यापासून. आमच्या हाताबाहेर गेलं." केरबानं तुझ्याकडं बघितलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. "आक्का, तुमी सांगा. साहेब हितं हुतं का?"

मी म्हटलं, "नव्हते."

एवढंच. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेजस्वीचा नवरा सम्राट पहिला धावला, मग बाकीची पोरं. काठी कुणाची होती ते मला दिसलं नाही. निसारनं तुला खांद्यावर टाकून गाडीत घातलं नसतं तर हातावर निभावलं नसतं.

मी खोटं बोलले नाही, याचा मला पश्चात्ताप नाही. तुझा हात मोडला, त्याचं दुःख मात्र उशाला घेऊन झोपते. या दोन्ही गोष्टी एका पोटात कशा राहतात ते मला विचारू नकोस. राहतात.

पप्पा बरे आहेत. रोज विचारतात.

तुझी,
आक्का


कोल्हापूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय शमू,

पत्राला उत्तर नाही, पण ते परतही आलं नाही. म्हणजे पोचलं.

पप्पांना मी डिसेंबरात सांगितलं होतं की तू कोर्सला गेलायस. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाताळच्या उपासनेहून आल्यावर म्हणाले, "एस्तेर, मंडळीत सगळे माझ्याशी फार हळू बोलताहेत. माझे डोळे गेलेत, कान नाहीत. काय झालंय ते सांग." मग सांगितलं. सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "उजवा हात की डावा?" मी उजवा म्हटल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपले.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल सकाळी ते अंघोळ करून, कोट घालून खुर्चीत बसले. उपदेशाला जाताना घालायचे तो काळा कोट. म्हणाले, "निसारला बोलव. मला त्या मुलीच्या घरी जायचंय." मी पुष्कळ विनवलं. दगड मारतील म्हटलं. "मारतील तर मारतील. शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला मारून त्यांनाच वाईट वाटेल."

निसारनं कुणाची तरी गाडी आणली. गाव कागलच्या पुढं, हायवे सोडून आत. मी पदर डोक्यावरून घेऊन बसले होते. कुणी ओळखू नये म्हणून असेल, मलाही कळलं नाही.

केरबा अंगणात म्हशीपुढं वैरण टाकत होता. आम्हाला बघून हातातली पेंढी तशीच धरून उभा राहिला. पप्पा काठी टेकत गेले. "मी डॉक्टरांचा बाप." केरबा बोलेना, हाकलेना. मग त्यानं पायानंच बाज पुढं सरकवली. पप्पा बसले. तो समोर दगडावर बसला. घराच्या पुढच्या सोप्यात त्याची बायको शालूबाई बाळाला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजत होती. तिनं मान वर केली नाही.

आणि मग शमू, कुणीच बोललं नाही. मला राहवेना. काहीतरी म्हणावं, माफी मागावी, निदान बाळ कसं आहे एवढं तरी विचारावं. मी तोंड उघडलं की पप्पा माझं मनगट दाबायचे. आंधळ्या माणसाला मी बोलणार हे कसं कळत होतं देव जाणे. उन्हं अंगणभर आली. शेजारची माणसं कुडावरून डोकावून गेली. बाळ झोपलं. केव्हातरी शालूबाई उठली आणि चार कप चहा घेऊन आली. आमच्यापुढं ठेवला आणि आत गेली. आम्ही प्यायलो. पप्पा उठले, केरबाचा हात चाचपून हातात घेतला, आणि आम्ही निघालो.

गाडीत मी म्हटलं, "पप्पा, एवढ्या लांब गेलो आणि एक शब्द बोलला नाहीत."

ते म्हणाले, "ईयोबाचे मित्र आठव. त्याची मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा ते येऊन सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि वाटोळं केलं. तुझ्या कर्मानंच झालं म्हणाले त्याला."

निसार पुढून म्हणाला, "आमच्यातबी मयतीच्या घरी जाऊन नुसतं बसत्यात, पाळकसाहेब. बोलाय काय असतंय?"

मुलीचं नाव अजून ठेवलेलं नाही, असं शेजारणीनं सांगितलं.

हात कसा आहे?

आक्का


कोल्हापूर
उत्तम शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

प्रिय शमू,

काल सुवार्ताचा फोन आला. पहिल्यांदा वाटलं, तूच लावायला सांगितलास. मग बोलण्यावरून कळलं की तुला माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि तू दुसऱ्या खोलीत बसलायस. हात अजून मिटत नाही असं तिनं सांगितलं. पेन धरता येतं, सुई धरता येत नाही म्हणाली. मी फोन ठेवून बराच वेळ ओट्याला धरून उभी होते.

तिनं फोन केला तो तेजस्वीच्या मृत्यूच्या चौकशीवरून. केरबानं दिलेल्या अर्जावर कोल्हापुरात समिती बसणार, मला साक्षीला बोलावणार. सुवार्ता म्हणाली, "आक्का, खोटं बोला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणा की वेळ आठवत नाही. नाहीतर नुसत्या गप्प बसा. यांचा हात गेलाय, आता नावही जाईल. हा तर वधस्तंभाचा आठवडा आहे. प्रभू येशूसुद्धा खटल्यात पिलातापुढं गप्पच उभा होता ना?"

वाईट मुलगी नाही ती. घर वाचवायला बघतेय. मीही तिच्या जागी तेच केलं असतं. पण मी तिला म्हटलं, "सुवार्ता, तो स्वतःला वाचवायचं नव्हतं म्हणून गप्प राहिला. दुसऱ्याच्या मेलेल्या मुलीबद्दल विचारलं असतं तर तो गप्प राहिला नसता." ती रडायला लागली. मी फार कडक बोलले. खरं होतं ते, तरी तिला तेव्हा ते नको होतं. माझं हे नेहमीचंच.

आज उपासनेहून आल्यावर पप्पांना विचारलं. "तुम्ही चाळीस वर्षं उपदेश केलात. सांगा. जाऊन बोलू की गप्प बसू?"

ते म्हणाले, "मला नको विचारू."

"मग कुणाला विचारू?"

"गप्प राहायची वेळ असते, बोलायची वेळ असते, एवढं शास्त्रात आहे. आत्ता कुठली, ते त्यात नाही. यावर मी किती वेळा उपदेश केला असेन! लोक बाहेर पडताना हात मिळवून 'छान बोललात' म्हणायचे, आणि घरी जाऊन भांडायचे." थोडं हसले. मग म्हणाले, "तुझं नाव मी ठेवलं एस्तेर. तिच्या लोकांची कत्तल होणार होती, पण राजाच्या घरात होती म्हणून ती गप्प राहू शकली असती. तिला तिच्या चुलतभावानं निरोप धाडला की अशा वेळी गप्प राहिलीस तर देव दुसरीकडून कुणाला तरी उभं करील, पण तुझं काय? ते वाचून मी तुझं नाव ठेवलं. शमूचं ठेवलं ते रात्री देवाची हाक ऐकणाऱ्या पोराचं. माझी दोन्ही लेकरं. आता मी कुणाच्या बाजूनं बोलू?"

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी पोर्चमध्ये मी चुकले का. ते म्हणाले, "केरबाला उत्तर द्यायला पाहिजेच होतं. पण तू उत्तर दिलंस तेव्हा ऐकणारा केरबा एकटा नव्हता."

त्याला आत नेऊन, दार लावून सांगितलं असतं तर? तर तुझा हात शाबूत असता. किंवा दार लावलं म्हणून त्यांनी सगळा दवाखाना पेटवला असता. कोण सांगणार? त्यानं विचारलं तेव्हा त्याच्या सुनेचं रक्त माझ्या कोपरापर्यंत होतं. त्या हातांनी मी त्याला थांबा म्हणू शकले नाही.

तुला कळावं म्हणून लिहिते: समितीनं बोलावलं की मी जाणार. विचारतील ते सांगणार. आणि कुणी विचारलं नाही तरी, तू आल्यावर काय केलंस तेही सांगणार. पोर्चमध्ये एकाच शब्दापुरती जागा होती. तिथं निदान बसायला खुर्ची असेल.

आक्का


कोल्हापूर
३० जुलै २०२५

शमू,

पप्पा गेले. परवा सकाळी. सुवार्ताला फोन केला होता, तिनं "सांगते" म्हटलं. म्हणजे तुला कळलं होतं. दुपारपर्यंत थांबलो. मग मंडळीचे आताचे पाळक म्हणाले, पंचगंगेचं पाणी चढतंय, रस्ते बंद व्हायच्या आत करून घेऊ या.

तू आला नाहीस. मी तुला बोल लावत नाही. लावते आहे. खोडत नाही, राहू दे.

शेवटचं मोठं काही बोलले नाहीत. मंडळीतले लोक विचारतात, पाळकसाहेबांनी जाताना कुठलं वचन म्हटलं? त्यांना काय सांगू! आदल्या दिवशी पेज भरवताना विचारलं, "शमू जेवला का?" मी "जेवला" म्हटलं. खरंखोटं मला माहीत नव्हतं. पण तूही कुठंतरी जेवला असशीलच.

घर माणसांनी भरलं होतं. सगळे बोलत होते. वय झालं होतं, सुटले, देवाला चांगली माणसं हवी असतात. एकीनं तर माझ्या गळ्यात पडून कानात विचारलं, "भाऊ आला नाही वाटतं?" मी आत जाऊन चादरी घडी करत बसले. त्या आधीच घडी केलेल्या होत्या.

बाहेर आले तर व्हरांड्यात, जिथं लोकांच्या चपला पडल्या होत्या, तिथं केरबा बसलेला. अंगावर घोंगडं, गुडघे जवळ घेऊन. कुणी सांगितलं त्याला कोण जाणे, बहुतेक निसारनं. लोक त्याला ओळखून कुजबुजत होते. कुणीतरी म्हणालं, "हा कशाला आलाय? बघायला?" त्याला ऐकू गेलं असणार. तो हलला नाही. मी त्याला चहा नेऊन दिला, त्यानं घेतला. पेटी उचलली तेव्हा उठला, मागं मागं चालत आला. आपल्या प्रार्थना त्याला काय कळणार, पण सगळ्यांनी मान खाली घातली की तोही घालायचा. शेवटी माती टाकायला सगळे पुढं झाले. तो सगळ्यात मागून आला, मूठभर माती टाकली, हात धोतराला पुसले.

जाताना माझ्यापुढं उभा राहिला. "म्हातारा माझ्या दारात येऊन बसलता," एवढं म्हणाला आणि पावसात निघून गेला.

पोटचा पोरगा आला नाही, शमू. ज्याची सून आपल्या दवाखान्यात गेली तो आला. मला हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

त्यांचा काळा कोट तुझ्यासाठी ठेवलाय.

आक्का


कोल्हापूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शमू,

समितीचं पत्र आलं. येत्या गुरुवारी, सकाळी. तुलाही आलं असेल.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते रागानं लिहिलं. तू का आला नाहीस ते मला कळतं. या गावात पाय ठेवायचा म्हणजे त्या पोर्चमध्येच पाय ठेवायचा. पण पप्पांसाठी यायला हवं होतंस, एवढं म्हणते आणि पुन्हा म्हणणार नाही.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. रात्री उठून माझ्या अंथरुणात यायचास. मला लग्न करायचं नव्हतं असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि तेही खरंच आहे. तुला शिकवलं, तू डॉक्टर झालास, तुझ्याच हाताखाली मी सिस्टर म्हणून उभी राहिले, लोक हसायचे, मला अभिमान वाटायचा. हे उपकार म्हणून लिहीत नाही. गुरुवारी मी तुझ्याविरुद्ध बोलायला जातेय असं तुला वाटेल, म्हणून लिहिते. तेजस्वीच्या बाजूनं बोलायला आता कुणी नाही. तिचं तोंड मिटलंय. तिथं मीच एकटी होते. मी बोलले नाही तर ती दुसऱ्यांदा मरेल. एवढंच आहे, शमू. दुसरं काही नाही.

जेवून घराबाहेर पड. समितीचं काम लांबतं म्हणतात.

आक्का


कोल्हापूर
१५ नोव्हेंबर २०२५

माझ्या शमू,

हे पत्र लवकर पोचावं म्हणून निसारला सकाळीच पोस्टात पाठवतेय. परवा तू रिक्षात बसून गेलास आणि मी तुला उत्तर दिलं नाही. तू काय समजला असशील ते मला कळतंय. म्हणून लिहिते.

आधी तुला हे सांगू दे. तू दारातून आत आलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. दाढी वाढवलेली, हात खिशात. बसताना हात बाहेर काढलास तेव्हा ओळखलं. मी बघितलं आणि मान फिरवली. तुला वाटलं असेल मी रागावलेय. त्या हाताकडं बघून मला बोलता आलं नसतं, आणि बोलायलाच तर आले होते.

अध्यक्षबाईंनी मला उभं केलं, नाव विचारलं, किती वर्षं सिस्टर आहात विचारलं. मग म्हणाल्या, "रक्तस्राव सुरू झाला तेव्हा डॉक्टर कुठं होते?" मी घसा साफ केला. समोर केरबा, शालूबाई, सम्राट. तेव्हा तू उठलास.

"बहिणीला विचारू नका. मी सांगतो."

तुझे वकील तुझी बाही ओढत होते. तू म्हणालास, "मी नव्हतो. मी वाटेत आहे म्हणालो तेव्हा जेवणाच्या टेबलावरून उठलोही नव्हतो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हाही नाही. आक्कानं माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून पेशंटला हलवलं नाही. तिची चूक नाही. नंतर पोर्चमध्ये मी खोटं बोललो, ती खरं बोलली."

सम्राट उठून बाहेर गेला. मला वाटलं आता काहीतरी फेकून मारतो, पण तो बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिला. केरबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय तो किती म्हातारा दिसतो!

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मग मी सांगितलं, तू आल्यावर काय झालं ते. तू कोटसुद्धा काढला नाहीस, गुडघ्यावर बसून मूठ आत घालून पिशवी दाबून धरलीस, हाताला पेटके आले तरी सोडला नाहीस. तिची नाडी थांबल्यावरही तू छाती दाबत राहिलास, मी "शमू, बस" म्हटलं तरी. सगळ्यांसमोर सांगितलं. केरबा ऐकत होता. तुझी मान खालीच होती.

आता समिती काय ठरवेल ते ठरवेल. नोंदणी काही वर्षं जाईल असं वकील म्हणाले. ते तुला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं, आणि तरी तू उठलास. पप्पा असते तर, पण ते नाहीत.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली शालूबाई आली माझ्याजवळ. कडेवर पोर. वर्षाची झाली आता, दात आलेत. वर्षभरात ती बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली. तू चार पावलांवर उभा होतास, तूही ऐकलंस.

"आक्का, एक इचारू? तुमी हुता जवळ. शेवटी काय म्हणाली ती? माझी सून काय म्हणाली?"

मी म्हटलं, "लेक दाखवली मी तिला. तिनं गालाला बोट लावलं. म्हणाली, नाक माझ्यागत हाय."

"व्हय?" शालूबाई म्हणाली. "असं म्हणाली?"

"असंच म्हणाली."

तिनं पोरीच्या नाकाकडं बघितलं, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. केरबा येऊन तिला घेऊन गेला. तुझ्याजवळून जाताना क्षणभर थबकला, मग पुढं गेला. त्याच्याकडून एवढंच पुष्कळ.

ते खरं होतं, शमू. तेजस्वी तसंच म्हणाली होती. पण ते शेवटचं नव्हतं.

तू ओळखलंस. लहानपणापासून माझा चेहरा वाचत आलास तू. फाटकापाशी येऊन, वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोललास. "आक्का, आणखी काय म्हणाली ती?"

मी गप्प राहिले. तू वाट बघितलीस. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तू परत म्हणालास, "आक्का, मला सांग." मी तुझ्याकडं बघत उभी राहिले आणि तोंड उघडलं नाही. तू रिक्षात बसलास.

सूड नव्हता तो. शपथ घेऊन सांगते.

तुझ्या वाट्याचं तेवढं लिहिते. ती सारखी विचारत होती, "साहेब येत्यात न्हवं?" मी सारखी म्हणत होते, "वाटेत आहेत." तिनं ते शेवटपर्यंत खरं धरलं. तुला शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला नाही. दाराकडं बघत राहिली. हे ऐकून तुला झोप लागणार नाही, मला ठाऊक आहे. पण हे तुझं आहे. तू उभा राहून खरं बोललास, म्हणून ते तुझ्या हातात द्यायला आता हरकत नाही. त्याआधी दिलं असतं तर ते दगड मारल्यासारखं झालं असतं.

आणखी जे म्हणाली ते तुझ्याबद्दल नव्हतं. माझ्याबद्दलही नव्हतं. जिवंत असलेल्या एका माणसाबद्दल होतं. वेदनेत, भीतीत, माणूस जे बोलतं ते. ते खरं असेलही. पण ते आता ज्याला सांगावं त्याला काही दुरुस्त करता येणार नाही, माफी मागता येणार नाही, फक्त उरलेला जन्म ते उराशी घेऊन जगावं लागेल. आणि त्या माणसाला अजून ती पोर वाढवायचीय. म्हणून मी ते समितीला सांगितलं नाही, पप्पांना सांगितलं नव्हतं, आणि तू कितीही वेळा विचारलंस तरी तुला सांगणार नाही. मी जाईन तेव्हा माझ्याबरोबर मातीत जाईल.

तू रागावला असशील. रिक्षा वळताना तू मागं वळून बघितलं नाहीस. एकदा बोलले आणि तुला गमावून बसले. आता गप्प राहून पुन्हा गमावावं लागलं तरी चालेल, शमू. पण ते सांगणार नाही.

तुझीच,
आक्का